मेंढीचं भाडं, नाश्त्यासह

मेलबर्नला मुलाच्या घराला लागून जे घर आहे, तिथले गृहस्थ एकेकाळी एका उपनगरी क्लबाचे यष्टिरक्षक होते. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही हातांच्या करंगळ्या कायमच्या वाकड्या. आम्ही नवराबायको आपापसात त्यांना ‘कीपर’च म्हणतो. त्यांच्या तरुणपणी, १९६० आणि ७०च्या दशकांत, शहरातले क्लब बस करून आतल्या गावांकडे दौऱ्यावर जायचे. दिवसा गावच्या संघाशी सामना, रात्री गावातल्या हॉटेलात मुक्काम आणि मुक्कामात खोड्या. कुंपणापाशी उभे राहून ते मला या गोष्टी सांगायचे. मी घरात येऊन हिला सांगायचो. ही सगळं ऐकून घ्यायची आणि दरवेळी एवढंच विचारायची, “आणि नंतर ते आवरलं कोणी?”

एकदा हा प्रश्न मी कीपरच्या कानावर घातला. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “चला, दाखवतोच.” फेब्रुवारी संपत आला होता. त्यांची स्टेशन वॅगन, त्यांची जुनी वाट आणि आम्ही दोघं.

पहिला दिवस : सनबरी आणि बॅलरॅट

सनबरी मेलबर्नच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर आहे. शहरातून थेट लोकल जाते, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. गावाबाहेर रूपर्ट्सवुड नावाचा भलाथोरला वाडा आहे. सर विल्यम क्लार्क यांनी तो १८७०च्या दशकात बांधला आणि त्याला मुलाचं नाव दिलं. आता तो एका शाळेच्या आवारात येतो, म्हणून आधी विचारूनच जावं. आम्हाला बाहेरून बघायला मिळाला, तेवढं पुरलं.

कीपरच्या मते गावदौऱ्यावरची सगळ्यात यशस्वी खोडी इथे घडली. १८८२च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ७ धावांनी हरवलं. त्या सामन्यातही एक आगाऊपणा झाला होता. सॅमी जोन्स नावाचा पोरसवदा फलंदाज धाव पूर्ण करून खेळपट्टी थोपटायला क्रीजबाहेर गेला आणि इंग्लंडचा नामांकित खेळाडू डब्ल्यू. जी. ग्रेस याने खुशाल त्याच्या यष्टींवरच्या बेल्स उडवल्या. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थ चवताळला. सामन्यात त्याने ९० धावांत १४ बळी घेतले. मग लंडनच्या ‘स्पोर्टिंग टाइम्स’ने इंग्लिश क्रिकेटचा मृत्युलेख छापला: देहाचं दहन होईल, राख ऑस्ट्रेलियाला नेली जाईल. म्हणजे मुळात तीही थट्टाच.

त्याच वर्षी इंग्लंडचा कप्तान आयव्हो ब्लाय संघ घेऊन बोटीने ऑस्ट्रेलियाला निघाला, ‘राख परत आणायला’. क्लार्क दांपत्यही त्याच बोटीवर होतं. सिलोनजवळ त्या बोटीची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि फ्रेड मॉर्ली या गोलंदाजाच्या बरगड्या दुखावल्या. खुद्द ब्लायने बोटीवरच्या रस्सीखेचीत हात दुखावून घेतला होता, तो वेगळा. असा हा अर्धा जायबंदी संघ नाताळात रूपर्ट्सवुडला पाहुणा म्हणून उतरला. वाड्यावरच्या माणसांशी एक हलकाफुलका सामना झाला आणि लेडी क्लार्क व त्यांच्या मैत्रिणींनी त्या थट्टेला जोड म्हणून ब्लायच्या हातात एक चिमुकला कलश ठेवला: घ्या तुमची राख! मातीचा, जेमतेम अकरा सेंटिमीटर उंचीचा. आत जळलेली बेल आहे म्हणतात. ब्लायच्या सुनेने १९९८ साली सांगितलं की ती बेल नसून सासूबाईंच्या चेहऱ्यावर घ्यायच्या जाळीच्या पडद्याची राख आहे. वाड्यावर संगीत शिकवणाऱ्या फ्लॉरेन्स मॉर्फीही त्या मंडळींत होत्या. ब्लायने १८८४ साली सनबरीच्याच चर्चमध्ये त्यांच्याशी लग्न केलं. कलश त्याने जन्मभर घरीच ठेवला. १९२७ मध्ये तो गेल्यावर कलश लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर गेला आणि आज दोन देश त्याच्या नावावर, ‘अॅशेस’ म्हणजे राखेसाठी, जिवाच्या आकांताने भांडतात.

“यात आवरावं लागलं नाही कोणाला,” कीपर हिच्याकडे बघून म्हणाले.

“कारण खोडी घरच्या बायकांनी काढली होती,” ही म्हणाली.

सनबरीहून बॅलरॅटला पोचायला दीडेक तास. सोन्याच्या खाणींवर वाढलेलं गाव, १८५४ सालच्या खाणकामगारांच्या युरेका बंडाचं गाव. सॉव्हरिन हिल नावाचं खाणवस्तीचं जितंजागतं संग्रहालय आहे, त्याला खरं तर अख्खा दिवस हवा. आम्ही नुसते खडीसाखरेसारख्या रंगीत गोळ्या घेऊन निघालो. एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. बॅलरॅट उंचावर आहे. मेलबर्नमध्ये घामाघूम होऊन निघालात तरी संध्याकाळी इथे स्वेटर लागतो. माझा पिशवीच्या तळाशी होता आणि ती पिशवी तर मला उचलवेना. वयाचा दोष म्हणून मी सोडून दिलं.

मुक्कामाला जुन्या पद्धतीचं दुमजली हॉटेल: खाली बार, वर खोल्या, समोर लोखंडी नक्षीचा सज्जा. जेवायला चिकन पार्मा, म्हणजे ताटाबाहेर लोंबणारा कोंबडीचा कटलेट, वर टोमॅटोचा रस्सा आणि चीज. हिच्यासाठी भोपळ्याचं सूप. जेवता जेवता कीपरना सूर लागला.

व्हिक्टोरिया राज्यात १९६६पर्यंत बार संध्याकाळी ६ला बंद व्हायचे. पण जो हॉटेलात मुक्कामाला असेल त्याला पुढेही प्यायला मिळायचं. त्यामुळे शहरातला संघ उतरला की गावातले निम्मे पुरुष त्या रात्रीपुरते ‘मुक्कामाला’ यायचे. मग संघातला एखादा उंचापुरा गडी काळा कोट घालून, हातात कंदील घेऊन पुढचं दार ठोठवायचा, “पोलीस!” आणि गावकरी मागच्या दाराने कोबीच्या वाफ्यांतून पळायचे. कीपर म्हणाले, “एका वर्षी दार उघडलं ते खऱ्या हवालदाराने. तो आतच बसून पीत होता.”

दुसरी खोडी बुटांची. तेव्हा रात्री बूट खोलीबाहेर ठेवायचे, सकाळी ते पॉलिश होऊन मिळायचे. मध्यरात्री कोणीतरी सगळ्या डाव्या बुटांची जागा बदलून ठेवायचा. एकदा वेगवान गोलंदाजाला उजवा बूट आपला आणि डावा स्लिपवाल्याचा, दोन नंबरांनी लहान, असा मिळाला. बस सुटायला आली होती, म्हणून तो तसाच गेला आणि त्या दिवशी त्याने आयुष्यातली सर्वोत्तम गोलंदाजी केली. का, तर रनअप आखूड झाला. यातलं खरं किती, कीपरनाच ठाऊक.

दुसरा दिवस : स्टॉवेलच्या वाटेवर

बॅलरॅट ते स्टॉवेल हमरस्त्याने दीड तासाचं अंतर. वाटेत अरारट लागतं, चिनी खाणकामगारांनी १८५७ साली वसवलेलं. तिथलं त्यांचं संग्रहालय बघण्यासारखं आहे.

ग्रेसचा इंग्लिश संघ १८७४च्या जानेवारीत याच टापूतून घोडागाडीने गेला होता. ग्रेसची ती मधुचंद्राची सफर. त्याला १५०० पौंड आणि वर सगळा खर्च, तर व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी १७० पौंड. प्रवासाचा आणि राहण्याचा दर्जाही वेगळा. दौराभर धुसफूस चालू होती यात नवल नाही. तेव्हा गावचा संघ बावीस जणांचा असायचा आणि पाहुणे अकरा. खेळात तोल यावा म्हणून ही सोय. पण मैदानात बावीस क्षेत्ररक्षक उभे आहेत आणि चेंडू जायला फट नाही, हे चित्र मला कितीतरी वेळ हसवत राहिलं.

स्टॉवेलचं मैदान बघून ग्रेस हबकला. कुठे कुठे गवताचे पुंजके, बाकी उघडी माती. तीन महिन्यांपूर्वी तिथे नांगर फिरला होता म्हणे. एक हळू चेंडू तर धुळीत रुतून बसला, फलंदाजापर्यंत पोचलाच नाही. वर माश्यांचा सुळसुळाट. बावीस स्टॉवेलकरांनी इंग्लंडला १० गडी राखून हरवलं. ग्रेसने पुढे या सामन्याला फार्स म्हटलं. स्टॉवेलकरांची बाजू मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाही. माझा आपला संशय असा, की नांगर काही उगाच फिरला नसावा.

माश्यांच्या बाबतीत ग्रेसने तिळमात्र अतिशयोक्ती केलेली नाही. दुपारी पस्तिसाच्या वर ऊन आणि माश्या सरळ डोळ्यांत. टोपीवरून घालायची जाळी स्वस्तात मिळते. लाज वाटेल, पण घ्या. स्टॉवेलमध्ये सेंट्रल पार्क बघा. १८७८ साली सुरू झालेली स्टॉवेल गिफ्ट ही गवतावरची नामांकित धावण्याची शर्यत ईस्टरला इथे होते. ईस्टरला जाणार असाल तर खोली फार आधी बघून ठेवा.

खरी गोष्ट घडली ती हमरस्ता सोडून आत गेल्यावर, एका लहान गावात. गावाचं नाव लिहू नका असं हॉटेलच्या मालकीणबाईंनी बजावलंय. बाई सत्तरीच्या. कीपर आत शिरले तशा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आज मेंढी नाही ना आणलीत?”

झालं होतं असं. १९६८-६९च्या सुमारास कीपरच्या संघाने रात्री शेजारच्या कुरणातून एक मेंढी जिन्याने वर नेऊन कप्तानाच्या खोलीत सोडली. कप्तान उशिरा आले, अंधारात पलंगावर बसले आणि पलंग ओरडला. इथवर मी कुंपणापाशी ऐकलं होतं. पुढचं कीपरनी कधी सांगितलं नव्हतं. पुढचं बाईंकडे होतं. त्या तेव्हा शाळकरी होत्या, हॉटेल त्यांची आई चालवायची. मेंढीने रात्रभरात गालिच्याची वाट लावली, पडद्याचा खालचा हातभर भाग खाल्ला आणि सकाळी जिना उतरायला ठाम नकार दिला. मेंढ्या चढतात, उतरत नाहीत, असं बाईंचं म्हणणं. आईने आणि या मुलीने तिला चादरीत गुंडाळून खाली आणलं. दोन दिवस गालिचा घासला. संघ तोवर पुढच्या गावी पोचला होता.

पण बिल आधीच चुकतं झालं होतं आणि त्यात आईने एक ओळ वाढवली होती: “जादा पाहुणा, एक रात्र, नाश्त्यासह.” खजिनदाराने न वाचता पैसे भरले.

“एवढ्यावर आई थांबली नाही,” बाई म्हणाल्या. पुढच्या वर्षी संघ पुन्हा तिथेच उतरला. सामन्याचे पांढरे कपडे रात्री धुवायला द्यायची पद्धत होती. मागच्या अंगणात तांब्याचा मोठा हंडा, खाली लाकडाचा जाळ. आईने त्यात सगळ्या पँटी टाकल्या आणि सोबत स्वतःचे लाल लोकरी मोजे. सकाळी अकरा जण गुलाबी पँटी घालून मैदानात उतरले. गावाने तो दिवस सुट्टीसारखा साजरा केला.

त्या सामन्याचा फोटो बारमध्ये लावलेला आहे. कृष्णधवल! अकरा जण अगदी व्यवस्थित पांढऱ्या कपड्यांत उभे दिसतात. रंगाची साक्ष फक्त त्यांचे चेहरे देतात. कीपर खालच्या रांगेत उजवीकडे, करंगळ्या तेव्हा सरळ.

ही पहिल्यांदा मनापासून हसली. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या त्या तासभर आल्याच नाहीत. तिकडे काय शिजलं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

संध्याकाळी शक्य असेल तर हॉल्स गॅपला चक्कर मारा. स्टॉवेलहून पंचवीसेक किलोमीटर, ग्रॅम्पियन्स डोंगरांच्या कुशीत. दिवस कलला की गावच्या मैदानावर कांगारू चरायला येतात, अगदी खेळपट्टीवरसुद्धा. अंधार पडायच्या आत परत फिरा. कांगारू गाडीसमोर कधी उडी घेईल सांगता येत नाही. उन्हाळ्यात वणव्याचा धोका असला की रस्ते आणि पायवाटा बंद होतात, तेव्हा ‘विकइमर्जन्सी’ अॅप फोनवर ठेवा आणि सकाळी निघण्याआधी उघडून बघा.

तिसरा दिवस : हॅरो

सकाळी बिल आलं. आमच्या बिलात सगळं ठीक. कीपरच्या बिलात शेवटची ओळ: “वीट, दोन रात्री, नाश्त्यासह.”

कीपर आधी चकित झाले, मग इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. माझ्या पिशवीच्या तळाशी पहिल्या दिवसापासून एक वीट होती! सामानात वीट घालून ती दौराभर वाहायला लावणं, ही म्हणे त्यांच्या संघाची नवागताला दिलेली सलामी. हिला ती बॅलरॅटलाच सापडली होती. मला सांगितलं नाही. “तुमच्या तोंडावर लगेच दिसलं असतं,” म्हणाली. कीपरनी पैसे भरले आणि पावती पाकिटात जपून ठेवली.

हॅरो हे ग्लेनेल्ग नदीकाठचं चिमुकलं गाव, स्टॉवेलहून दोनेक तास. वाटेत फोनची रेंज जाते, पेट्रोल हॉर्शमला भरून घ्या. इथे जॉनी मुलाघचं स्मृतिकेंद्र आहे. उघडण्याच्या वेळा मोजक्या असतात, आधी फोन करून जा.

मुलाघ हा इथल्या आदिवासी समाजातला, मूळ नाव उनारिमिन. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला पहिला क्रिकेट संघ आदिवासी खेळाडूंचा होता, १८६८ साली, कसोटी क्रिकेट सुरू होण्याच्या नऊ वर्षं आधी. त्यांना परदेशी नेऊ नये असं सरकारी मंडळाचं म्हणणं होतं. तेव्हा संघाचा कप्तान चार्ल्स लॉरेन्स याने मासे पकडायला जातोय असं भासवून त्यांना क्वीन्सक्लिफला नेलं आणि बोटीत बसवलं. कीपर ही गोष्ट खोडी म्हणूनच सांगतात. मला ती तशी सांगवत नाही. त्या संघातला किंग कोल लंडनमध्ये आजारी पडून वारला, परत आला नाही.

इंग्लंडमध्ये ते ४७ सामने खेळले: १४ जिंकले, १४ हरले, बाकी अनिर्णित. मुलाघने १६९८ धावा केल्या आणि २४५ बळी घेतले. सामना संपला की बूमरँग, भालाफेक असे खेळ दाखवायचे. डिक-ए-डिक नावाचा खेळाडू अरुंद ढाल आणि सोटा घेऊन उभा राहायचा आणि प्रेक्षकांना सांगायचा, मारा चेंडू. पैसे देऊन लोक मारायचे. त्याला चेंडू लागणं महामुश्किल. हा मला सगळ्यांत आवडला, कारण इथे पैसे देऊन फजिती प्रेक्षकांची व्हायची.

मुलाघविषयीची एक गोष्ट इकडे सांगतात ती अशी. जवळच्याच अॅप्सली गावी सामन्यासाठी गेले असता हॉटेलवाल्याने विचारलं, याला कोणती खोली द्यायची? काळ्या माणसाला काहीही चालेल, असं उत्तर आलं आणि तबेल्यालगतची खोली दाखवली गेली. मुलाघने ती नाकारली आणि रात्र उघड्यावर काढली. ज्या वाटेवर मेंढीला वरच्या मजल्यावर पलंग मिळाला होता, त्याच वाटेवरची ही गोष्ट.

त्याची कबर गावच्या स्मशानभूमीत आहे. १८९१ साली तो वारला. तिथून परतताना कीपरनी आपणहून एक गोष्ट काढली, कुंपणापाशी कधी न सांगितलेली. संघात एक नवा मुलगा आला होता, चांगला फलंदाज. दौऱ्यावर असताना त्याच्या नावाने तार पाठवली: राज्य संघात निवड झाली आहे, सोमवारी हजर व्हा. पोराने हॉटेलातून आईला फोन केला. पोस्टमास्तरपासून बारवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्याचे हात हातात घेतले. रात्री कोणीतरी खरं सांगितलं. तो बसने नाही, एकटा ट्रेनने परत गेला आणि पुन्हा कधी दौऱ्यावर आला नाही. मी विचारलं, तार कोणी केली होती? “चौघांनी मिळून पैसे काढले होते,” कीपर म्हणाले आणि रेडिओ लावला.

रात्री गावातल्या हॉटेलात पुन्हा पार्मा. इकडे स्वयंपाकघर आठच्या सुमारास बंद होतं, मग कितीही विनवा. शाकाहारी असाल तर सोबत दशम्या, चटणी असू द्या. आमच्याकडे होती. कीपरनी शेंगदाण्याची चटणी ब्रेडवर लोण्यासारखी फासून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं तरी मागे हटले नाहीत.

शेवटचा दिवस : परत मेलबर्न

परतीचा रस्ता लांबलचक, पाच तासांचा. इंग्लंडचा फलंदाज डेव्हिड गावर याच्या विमानाची गोष्ट झाली नसती तर झोपच लागली असती. १९९१च्या जानेवारीत क्वीन्सलंडमधल्या ‘करारा’ या ठिकाणी इंग्लंडचा सामना चालू होता. गावर आणि जॉन मॉरिस यांची फलंदाजी आटपली होती. दोघे जवळच्या धावपट्टीवर गेले, दोन टायगर मॉथ विमानं भाड्याने घेतली आणि थेट मैदानावरून खालून भरारी मारली. पैसे गावरने संघातल्याच अॅलन लॅम्बकडून उसने नेले होते, कशाला ते न सांगता! दोघांना प्रत्येकी १००० पौंड दंड झाला. कीपरच्या मते त्या दिवशी गावदौरे संपले. त्यानंतर क्रिकेटला व्यवस्थापक मिळाले.

संध्याकाळ व्हायच्या आत एमसीजीला, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला, पोचलो. तिथे क्रीडा संग्रहालय आहे, मैदानाची फेरीही मिळते. सामन्याच्या दिवशी वेळा बदलतात, हे बघून जा. २०२०पासून बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीराला मुलाघ पदक देतात. ते पहिलं पदक कोणाला मिळालं, असं मी कीपरना विचारलं. त्यांना आठवेना. अजिंक्य रहाणे, ११२ धावा, अॅडलेडला ३६मध्ये खुर्दा उडाल्यानंतरच्या सामन्यात. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण सुरक्षारक्षकाने वळून पाहिलं.

कीपर आता बीचवर्थच्या सफरीचा बेत आखत आहेत. ऑस्ट्रेलियाला आलेला पहिला इंग्लिश संघ १८६२ साली तिथेही खेळून गेला. ही यायला तयार आहे. अट एकच: पिशव्यांना कुलूप, आणि किल्ली तिच्याकडे.